पट्टीचा स्क्रू

"अहो, हे मला बसायला आहे की सामान भरायला?"

मिस्त्रींच्या बायकोने कंबरेवर हात ठेवले आणि समोरच्या सायकलकडे नीट पाहून घेतलं. सायकल कसली! पुढे दोन चाकं, मागे एक, आणि पुढच्या दोन चाकांच्या मधोमध चांगलं गुडघाभर उंचीचं लाकडी खोकं. खोक्यात आडवी फळी, फळीवर उशी.

"आई, बस गं. चालवणार मी आहे. तुला फक्त बघायचंय," लेक म्हणाली.

"यात लहान पोरं आणि कुत्री बसतात. काल मी खिडकीतून पाहिलंय."

"आजी, कुत्र्यांना उशी देत नाहीत," नात म्हणाली. नऊ वर्षांची पोर, पण बोलण्यात आजीला भारी.

नारिंगी जाकिटातली गाइड, ताडमाड उंच पोरगी, एक अक्षर न समजता हसली आणि तिने आजींना हात दिला. आजी खोक्यात बसल्या. बसल्यावर त्यांनी गुडघ्यावर पर्स ठेवली, पर्सवर हात ठेवले, आणि फोटो काढायला आल्यासारखा चेहरा केला.

मिस्त्रींचं या गमतीत लक्ष नव्हतं. ते सायकलींच्या रांगेपुढून हात पाठीमागे बांधून फिरत होते. एकेका सायकलीशी थांबायचे, वाकायचे, हुं करायचे, पुढे जायचे. प्रत्येक सायकलीच्या हँडलला एक पुठ्ठ्याचं कार्ड लटकत होतं, आणि त्यावर सकाळी तपासणाऱ्याची सही होती. सायकल हातात घ्यायचा मोह होत होता, पण ते हात मागेच धरून होते. आज हात लावायचा नाही, असं बायकोने निघताना दोनदा बजावलं होतं.

मिस्त्री म्हणजे सायकलमिस्त्री. एकेचाळीस वर्षं एकाच चौकात, एकाच पत्र्याखाली. सासुरवाडीतसुद्धा त्यांना कुणी जावई म्हटलं नाही, मिस्त्रीच म्हणाले. पंक्चर, ओव्हरहॉलिंग, चाकाचा आउट काढणं. डोळे मिटून करतील अशी कामं. रोज संध्याकाळी ते मोरीत हात धुवायचे, बायको टॉवेल घेऊन उभी राहायची आणि रोज तेच म्हणायची, "नखं राहिली." ते पुन्हा साबण घ्यायचे. नखं राहायचीच. मग गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि दुकान त्या रस्त्यात गेलं. नोटीस आली, माणसं आली, आणि दुपारच्या जेवणाच्या आत पत्रा खाली आला.

लेकीने दोघांना तीन महिन्यांसाठी इकडे परदेशात बोलावून घेतलं. पहिल्या पंधरा दिवसांत मिस्त्रींनी घरातले सगळे नळ, सगळ्या बिजागऱ्या आणि शेजारच्यांचं दार दुरुस्त केलं. मग काही उरलं नाही. मग त्यांनी व्यवस्थित चालणारं भिंतीवरचं घड्याळ उघडलं. जावई भला माणूस, काही बोलला नाही. लेक म्हणाली, "बाबा, काहीतरी बिघडू द्या हो आधी!" त्या दिवसापासून ते खिडकीशी बसू लागले. बसणं म्हणजे काय, खुर्चीच्या हातावर बोटं वाजवणं. नखं एकदम साफ झाली, पांढरीफेक. कारकुनासारखी. त्यांना ती बघवत नसत.

लेकीने ते ओळखलं. या सायकलवाल्यांची एक शेड होती, सायकली दुरुस्त करायची. तिथे एकच कारागीर होता आणि त्यांना दुसरा हवा होता. लेकीने विचारून ठेवलं. गाइड म्हणाली होती, आजच्या फेरीला घेऊन या, मग शेडमध्ये मालकीणबाईंशी भेट घालून देते. जमलं तर राहायचे कागद करता येतील, तिकिटं रद्द करता येतील. नाही जमलं तर दोन आठवड्यांनी परत. आजींनी यावर हो की नाही काही म्हटलं नाही. फक्त काल दुपारी त्यांनी बॅगेतले आपले सगळे कपडे काढून नातीच्या कपाटात, रिकाम्या करून दिलेल्या खणात घड्या करून लावले. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"बाबा, ऐका," लेक म्हणाली. "ती सांगतेय, हँडलला ब्रेक नाहीत. पायडल मागे दाबायचं, की ब्रेक लागतो."

"बरं बरं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी निम्मंच ऐकलं. सायकल कशी चालवायची हे आता ते एका पोरीकडून ऐकणार होते का?

निघाले. पुढे गाइड, मग लेक आणि खोक्यातल्या आजी, मग नात, आणि शेवटी मिस्त्री. शहर सुंदर होतं म्हणतात. पाण्याचे कालवे होते, पूल होते, उतरत्या छपरांची उंच घरं होती. गाइड एका हाताने सायकल चालवत दुसऱ्या हाताने दाखवायची, लेक ओरडून मराठीत सांगायची.

"हा घड्याळाचा मनोरा, बाबा! तीनशे वर्षांचा!"

"हो हो."

"बघितलात का?"

"बघितला की!"

कुठला बघतायत! त्यांचे कान नातीच्या सायकलवर होते. तिच्या मागच्या चाकातून आवाज येत होता. कट्, कट्, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा कट्. आणि चाक जड होतं. पोर ताकद लावून पायडल मारत होती, तरी मागे पडत होती. मिस्त्रींना तो आवाज पाठीच्या मणक्यात जाणवायला लागला. बूट चावतो तेव्हा माणसाला दुसरं काही सुचत नाही, तसं त्यांचं झालं. बाजार गेला, एक देऊळवजा मोठी इमारत गेली, कुणातरी मोठ्या माणसाचा पुतळा गेला. मिस्त्री मोजत होते. अकरा फेऱ्यांनी एकदा कट्.

पहिला थांबा एका कारंज्याच्या चौकात होता. गाइडने गोष्ट सांगायला घेतली. लेक आणि नात कारंज्याच्या कठड्याशी फोटोसाठी उभ्या राहिल्या. आजी खोक्यातच बसून होत्या; उतरायला दोन माणसं लागतात, म्हणून उतरल्याच नव्हत्या. मिस्त्रींनी नातीची सायकल भिंतीशी नेली, मागचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं.

तीन फेऱ्या. थांबलं.

मिस्त्रींना आपलाच अपमान झाल्यासारखं वाटलं. त्यांच्या दुकानाची एक रीत होती. सायकल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी ते चाक फिरवून सोडायचे. चाक हळूहळू थांबायचं, आणि थांबताना हवा भरायचा व्हॉल्व्ह आपल्या वजनाने खाली यायचा, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे झुलायचा, मग बरोब्बर तळाला स्थिर व्हायचा. तसा झुलला की काम झालं. नाही झुलला तर पुन्हा उघड. एकेचाळीस वर्षांत ही परीक्षा दिल्याशिवाय एक चाक त्यांनी सोडलं नव्हतं. आणि इथे तीन फेऱ्यांत चाक ठप्प! छर्ऱ्यांवर बसणारा कोन जास्त आवळलाय, दुसरं काय. सही करून मोकळा झालाय गडी.

त्यांच्या खिशात पाना होता. चपटा, सहा भोकांचा, झिजून गुळगुळीत झालेला. विमानात तो बायकोच्या कपड्यांच्या बॅगेतून आला होता, तिच्या नकळत.

डाव्या बाजूला, चाकाच्या मधल्या हबाजवळ एक वीतभर लोखंडी पट्टी होती, तिचं दुसरं टोक छोट्या स्क्रूने फ्रेमला बांधलेलं. असली पट्टी त्यांनी कधी पाहिली नव्हती. आवाज होऊ नये म्हणून लावली असेल, मडगार्डला लावतात तशी. कोन फिरवायला ती आड येत होती. त्यांनी खिशातल्या नाण्याच्या कडेने स्क्रू काढला, पट्टी बाजूला सारली, पान्याने नट सोडला, कोन पाव फेरा ढिला केला. चाक फिरवलं. व्हॉल्व्ह आला खाली. झुलला. डावीकडे, उजवीकडे, तळाला.

"अहो, काय करताय?" खोक्यातून आवाज आला.

"काही नाही. बघतोय."

"तुमचं बघणं मला माहीत आहे. ठेवा ते!"

मिस्त्रींनी घाईने नट आवळला. पट्टी जागेवर आणली. स्क्रूड्रायव्हर नव्हता, म्हणून त्याच नाण्याने स्क्रू जमेल तेवढा फिरवला. पक्का नाही बसला. पुढच्या थांब्यावर गाइडकडे मागू, असं त्यांनी ठरवलं. आणि सायकल होती तिथे नेऊन उभी केली.

"आजोबा!" पुन्हा निघाल्यावर नात ओरडली. "माझी सायकल किती हलकी झाली! बघा ना, पाय न मारतासुद्धा जातेय!"

"जाणारच!" मिस्त्री ओरडले. छाती फुगली त्यांची, अगदी सांगायचं तर. आता त्यांना कालवा दिसला. कालव्यावरच्या होड्या दिसल्या. होडीत कुणीतरी कपडे वाळत घातले होते, ते बघून त्यांना हसू आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपण इथे राहू. सकाळी डबा घेऊन शेडमध्ये जाऊ. हा जो कोण कारागीर आहे त्याला कोन कसा बसवतात ते समजावून सांगू, रागावून नाही, गोडीत. संध्याकाळी येऊ तेव्हा पोर शाळेतून आलेली असेल. बायको टॉवेल घेऊन उभी असेल.

मग दगडी फरशीचा रस्ता लागला. सगळ्या सायकली थडथडायला लागल्या, आजींची पर्स खोक्यात उडायला लागली, आणि त्या "अगं हळू, अगं हळू" करायला लागल्या. रस्ता संपला तिथे कमानीचा पूल होता. एक चढ, एक उतार. उताराच्या पायथ्याशी रस्ता डावीकडे वळत होता, आणि समोर कालव्याचा धक्का होता.

गाइड उतरली. लेक उतरली. नात उताराला लागली, आणि मिस्त्रींनी पुलाच्या माथ्यावरून पाहिलं की तिचे पाय मागे फिरतायत. एकदा, दोनदा, नुसते गरगर मागे. सायकल थांबत नव्हती.

"आई! थांबत नाहीये! आई!"

 मिस्त्रींनी पायडल मारलं, जीव तोडून मारलं, पण सत्तरीच्या जवळ आलेले पाय ते. पोरीने वळण घेतलं की पडली की काय हे कळायच्या आत ती धक्क्याच्या कडेला ठेवलेल्या फुलांच्या लाकडी पेट्यांवर जाऊन आदळली. एक पेटी उलटी होऊन पाण्यात गेली. पोर माती आणि फुलांत आडवी झाली. मग ती मोठ्याने रडली. रडतेय म्हणजे बरी आहे, एवढं मिस्त्रींना कळलं.

कोपर सोललं होतं, हनुवटीला खोक पडली होती, तळहातांत माती रुतली होती. लेकीने तिला मांडीवर घेतलं. गाइडने औषधांचा डबा काढला, हनुवटी पुसली, पट्टी लावली. पेट्यांच्या पलीकडे हातभरावर पाणी होतं. ते सगळ्यांनी बघितलं.

मिस्त्री सायकलपाशी गेले. डाव्या बाजूची ती लोखंडी पट्टी लोंबत होती. स्क्रू नव्हता. तो त्या दगडांवर कुठेतरी उडाला होता. त्यांनी पायडल मागे फिरवलं. पट्टी पायडलबरोबर गोल फिरली, ब्रेक लागला नाही. मग त्यांनी पट्टी एका हाताने फ्रेमशी घट्ट दाबून धरली आणि पुन्हा फिरवलं. खाडकन लागला. एवढंच होतं सगळं. हबाच्या पोटातल्या ब्रेकला बाहेरून टेकायला काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे ही पट्टी. आणि चाक जड होतं, कट् वाजत होतं, ते ब्रेक पोटात होता म्हणून. एखादं पोरही हे सांगू शकलं असतं. त्या गाइडने तर सकाळी सांगितलंच होतं.

"कसल्या सायकली देता तुम्ही लोकांना!" लेक गाइडवर ओरडत होती, आधी मराठीत, मग तिथल्या भाषेत. गाइडचा चेहरा पांढरा पडला होता. तिने लोंबणारी पट्टी पाहिली, हँडलचं कार्ड पाहिलं, कार्डावरची सही पाहिली, आणि फोन लावला. बोलताना ती ती सही पुन्हा पुन्हा बोटाने ठोकत होती.

"काय म्हणतेय?" मिस्त्रींनी विचारलं.

"काय म्हणणार? त्यांच्या शेडमधल्या कारागिराने आज सकाळी तपासून सही केलीय. आणि स्क्रूच नाही! मालकीणबाई म्हणतायत, त्याला आजच घरी पाठवते." लेकीने पोरीला आणखी जवळ घेतलं. "पाठवायलाच पाहिजे. माझी पोर पाण्यात गेली असती, बाबा. आणि हे बघा, आता त्यांना नुसता जोडीला माणूस नको, सगळंच काम करणारा माणूस लागणार."

 मिस्त्रींनी खोक्याकडे पाहिलं. गडबडीत आजींना उतरवायचं सगळे विसरले होते. त्या तशाच बसल्या होत्या, पर्स धरून, आणि त्यांच्याकडे बघत होत्या. आजींना सगळं माहीत होतं. नातीच्या कपाटातला तो खण त्यांचा होता. तरी त्या ना सांगा म्हणाल्या, ना सांगू नका.

"तिला सांग," मिस्त्री लेकीला म्हणाले. "स्क्रू त्याने नीट बसवला होता. मी उघडला. मगाशी, कारंज्याजवळ."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. "काय?"

"चाक जड वाटलं. कोन ढिला केला. स्क्रू नाण्याने बसवला."

"बाबा, गप्प बसा."

"सांग तिला."

"नाही सांगणार मी. तुम्हाला कळतंय का काय होईल? पुन्हा हे लोक तुम्हाला..." तिचे डोळे भरून आले. "मी दोन महिने मागे लागले होते त्यांच्या. नाही सांगणार."

तिथली भाषा मिस्त्रींना येत नव्हती. सुप्रभात आणि आभारी आहे, एवढंच काय ते. गाइडचा फोन अजून चालू होता. मिस्त्री तिच्यासमोर गेले, खिशातून पाना काढला आणि तिच्या मोकळ्या हातावर ठेवला. मग हबाकडे बोट दाखवलं. मग ते नाणं काढून दाखवलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

गाइडला अर्धवट कळलं. तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने तोंड फिरवलं.

"माझी सायकल तुम्ही उघडलीत, आजोबा?" नात म्हणाली. हनुवटीवर पट्टी, गालावर माती.

"हो गं. चुकलं माझं. फार चुकलं."

नातीने नाक ओढलं आणि गाइडला तिच्या भाषेत सांगितलं. लांबलचक वाक्य होतं. मिस्त्रींना त्यातलं 'आजोबा' तेवढं कळलं.

शेडमध्ये मालकीणबाई दारातच भेटल्या. सभ्य बाई. नातीच्या हनुवटीची चौकशी केली, लेकीशी हळू आवाजात बोलल्या, मिस्त्रींशी हात मिळवला.

"म्हणतायत, खरं सांगितलंत त्याबद्दल आभार," लेक जमिनीकडे बघत म्हणाली. "पण इथे सायकलींना हात लावायला नाही देता येणार."

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले. "मीही नसता दिला."

आतला कारागीर टकला होता, पोट सुटलेला, मिस्त्रींच्याच वयाचा. नखं काळीकुट्ट. त्याला कुणीतरी सगळं सांगितलं असणार, कारण तो भयंकर चिडलेला होता. नातीची सायकल त्याने उलटी घातली, हत्यारं आपटत चाक सोडवलं, हब उघडला, आणि एकेक भाग कागदावर ओळीने मांडत गेला. छर्रे, कोन, ब्रेकचे दोन तुकडे, पट्टी. मिस्त्री उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून बघत होते. भाग उघडल्या क्रमाने मांडायचे, तेही त्यांच्यासारखंच. तो पुटपुटत होता, शिव्याच असतील. मिस्त्रींनी त्या मान खाली घालून ऐकून घेतल्या.

सगळं बसवून झाल्यावर त्याने चाक फिरवलं. तीन फेऱ्या, थांबलं. त्याने मिस्त्रींकडे पाहून तीन बोटं दाखवली आणि मान डोलावली. असंच असतं, म्हणाला जणू. मिस्त्रींनीही मान डोलावली.  पट्टीचा नवा स्क्रू तेवढा बसवायचा राहिला होता, तो त्याच्या हातात होता. त्याने दारापलीकडे ऑफिसकडे एकदा बघून घेतलं, आणि स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर मिस्त्रींच्या पुढे धरला.

मिस्त्री उंबऱ्याच्या आत आले. उकिडवे बसले. ग्रीसने हात भरले. स्क्रू बसवला, आवळला, आणि वर आणखी अर्धा फेरा दिला.  कारागिराने पट्टी हलवून पाहिली. हलली नाही. आभाराचा तो एक शब्द मिस्त्रींना येत होता, तो त्यांनी म्हटला आणि ते बाहेर आले.

 घरचं दार उघडताना लेक म्हणाली, "म्हणजे तिकिटं आहेत तीच ठेवायची ना?"

"तीच ठेव."

"तिथे जाऊन काय करणार आहात, बाबा? दुकान कुठेय?"

"बसेन हत्यारांची पेटी घेऊन कुठेतरी. पहिल्यांदा तसाच बसलो होतो."

मिस्त्री बेसिनपाशी हात धुवायला गेले. खूप वेळ धुतले. साबणाचा फेस काळा, मग राखाडी, मग पांढरा झाला. पलीकडच्या खोलीत आजी नातीच्या कपाटातून आपले कपडे काढत होत्या. एकेक घडी पुन्हा नीट करून बॅगेत ठेवत होत्या, आणि नात पलंगावर बसून, हनुवटीला हात लावत, त्यांना एकेक कपडा देत होती.

ते टॉवेल शोधत दारात आले. आजींनी मान वर केली, त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"नखं राहिली," त्या म्हणाल्या.

"राहू दे," मिस्त्री म्हणाले.

आजींनी बॅगेत ठेवलेला टॉवेल काढून त्यांना दिला.